भोंगा वकिलांचा खुलासा

आमच्या कोर्टात गायकवाड वकील बोलायला उभे राहिले की पक्षकार उठून बाहेर चहाला जायचे. कंटाळून नव्हे. आत पंखा असून नसल्यासारखा, बसायला जागा नाही, आणि गायकवाडांचा युक्तिवाद फाटकाजवळच्या टपरीवर जास्त स्पष्ट ऐकू यायचा. टपरीवाल्याने त्या जोरावर दोन बाकडी वाढवली होती. एकदा तर उलट बाजूचा माणूसही तिथेच भजी खात बसला होता आणि स्वतःविरुद्धच्या मुद्द्यांना मान डोलवत होता.

या आवाजामुळे त्यांना ‘भोंगा’ हे नाव पडलं. कोर्टाच्या आवारात ‘गायकवाड’ म्हटलं तर लोक विचारायचे, कुठले? ‘भोंगा’ म्हटलं की बोट दाखवायचे. ते त्यांना ठाऊक होतं. ‘म्हणू दे की भोंगा,’ ते म्हणायचे, ‘भोंगा वाजला की मानूस कामाला तरी लागतो.’ हेही टपरीपर्यंत जायचं.

मी त्यांचा ज्युनियर. हे कसं घडलं त्यात माझी थोडी नाचक्की आहे, म्हणून ते आधी सांगतो. गायकवाड पडघ्याकडच्या एका खेड्यातले. तरुणपणी भिवंडीत रात्रपाळीला लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायचे आणि दिवसा लॉ कॉलेजात डुलक्या काढायचे. ज्या कारखान्यात लूम चालवायचे तो माझ्या अब्बांचा. पुढे गायकवाड वकील झाले, अब्बांचे लूम भंगारात गेले, आणि मी कायद्याच्या परीक्षेत नापास होत होत एकदाचा पास झालो. मला कोणी सीनियर दारात उभं करेना. तेव्हा अब्बा मला घेऊन त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, ‘गायकवाड, पोराला सांभाळून घ्या.’ गायकवाडांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, ‘या शेठ.’

त्या दिवसापासून मी शेठ. फायली उचलणारा, झेरॉक्स काढणारा, बेंच क्लार्कची बोलणी खाणारा शेठ. महिनाअखेरीला पगारासाठी टेबलासमोर घुटमळलो की ते चष्म्यावरून बघत विचारायचे, ‘काय शेठ, कामगारांचं पेमेंट करायचं ना?’

त्यांची उलटतपासणी बघायला दुसऱ्या कोर्टातले वकील यायचे. तिथे ते ओरडायचे नाहीत. प्रश्न विचारायचे आणि साक्षीदाराच्या तोंडाकडे बघत राहायचे. पापणी लवायची नाही. साक्षीदार आधी इकडेतिकडे बघायचा, मग घसा साफ करायचा, मग कपाळ पुसायचा, आणि शेवटी कोणी न विचारलेलं काहीतरी सांगून टाकायचा. मी एकदा त्यांना यातलं गुपित विचारलं. ते म्हणाले, ‘डोळ्यांकडं बघू नको. डोळे शिकवून आणलेले असतात. ओठांकडं बघ. ओठ खोटं बोलून दमतात.’ मी हे वाक्य घरी जाऊन आरशासमोर म्हणून पाहिलं. मग एका तलाठ्याच्या ओठांकडे तसाच टक लावून बघितलं. तो चिडला आणि म्हणाला, ‘काय लागलंय का माझ्या तोंडाला?’

माझं काम होतं ते बोलत असताना मागे उभं राहून कलमं सुचवायचं. दोन वर्षं मी त्यांच्या डाव्या खांद्यामागून कलमं कुजबुजत होतो. त्यांतलं एकही त्यांनी कधी वापरलं नाही. मला वाटायचं, कलमं चुकीची असतील. तशी ती असायचीही.

फोन ते स्वतः घ्यायचे नाहीत. वाजला की माझ्याकडे सरकवायचे. ‘तू बोल. ज्याचं तोंड दिसत न्हाय त्याच्याशी मी काय बोलू?’ मला वाटायचं, जुनी माणसं, तत्त्वाची माणसं. मागच्या न्यायाधीश मॅडमची बदली झाली तेव्हा बार रूममध्ये सगळ्यांत जास्त हळहळले ते हेच. मॅडम रोज गडद लिपस्टिक लावून यायच्या. गायकवाड सर म्हणाले, ‘इतका स्पष्ट न्यायाधीश पुन्हा व्हायचा न्हाय.’ मी ते निकालपत्रांबद्दल समजलो. एवढं सगळं डोळ्यांसमोर असून मला काही कळलं नाही, यावरून मी कायद्याच्या परीक्षेत तीनदा नापास का झालो हे वाचकांच्या ध्यानात येईल.

मॅडमच्या जागी नवे साहेब आले. साहेब मोठे सज्जन. हळू बोलायचे, कोणाला टाकून बोलायचे नाहीत, आणि त्यांना मिशी होती. ती नाकाखालून निघून खालच्या ओठावर येऊन थांबायची. साहेब चहा प्यायले की रुमालाने आधी मिशी पुसायचे आणि मग कप ठेवायचे.

पहिल्या महिन्यातच रामसागरचं प्रकरण बोर्डावर आलं. रामसागर हा सरांबरोबर एकेकाळी एकाच कारखान्यात लूम चालवलेला माणूस. घरमालकाने त्याच्या खोलीला कुलूप घातलं होतं आणि तो बायकोसह शेजाऱ्याच्या पडवीत झोपत होता. सर तावातावाने बोलत होते. साहेब म्हणाले, ‘वकीलसाहेब, मुद्दा समजला. बसा.’ सर बोलत राहिले. साहेब पुन्हा म्हणाले, ‘बसा.’ सरांनी आवाज चढवला. साहेबांनी तिसऱ्यांदा ‘बसा’ म्हणत बोट वर केलं. सरांना वाटलं, मुद्दा पटला. त्यांनी तोच मुद्दा पुन्हा मांडला. मी मागून कोट ओढला. त्यांनी खांदा उडवला. मग साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि त्या हळू आवाजात सरांना चांगलं सुनावलं. न्यायालयाचा मान, वकिलाचं वर्तन, वयाला न शोभणारं वागणं, सगळं झालं. सर आदराने त्यांच्याकडे बघत उभे होते. साहेब थांबल्यावर सरांनी मान झुकवली आणि टपरीपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘साहेबांनी मला इतकं शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल मी आभारी आहे.’

कोर्टात दोघंतिघं हसले. त्या हसण्याने काम बिघडलं.

दुसऱ्या दिवशी नोटीस आली. वारंवार सांगूनही खाली बसण्यास नकार दिला, न्यायासनासमोर आरडाओरडा केला, शेवटी उपरोधाने आभार मानून न्यायालयाचा उपमर्द केला; सबब अवमानाच्या कारवाईसाठी प्रकरण उच्च न्यायालयाकडे का पाठवू नये, याचा खुलासा करावा. प्रकरण वर गेलं तर शिक्षा होऊ शकत होती, आणि पुढे वकिलीच्या सनदेवरही गदा येऊ शकत होती. रात्रपाळ्या करून मिळवलेली ती सनद सरांनी चौकटीत घालून खुर्चीमागे टांगली होती. घरच्या फोटोंपेक्षा तिची चौकट मोठी होती.

बार रूममध्ये उत्साह पसरला. काळ्या फिती लावायचं ठरत होतं. एका ज्येष्ठ वकिलांकडे तर अशा प्रसंगासाठी भाषण तयारच होतं. सरांनी हात जोडले. ‘माझ्यासाठी काम बंद करू नका. तारखा पुढं जातील. रामसागर पडवीत झोपतोय.’

खुलासा लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी चार पानी माफीनामा लिहिला. त्यात ‘नतमस्तक’ हा शब्द सहा वेळा होता. पण नोटिशीतल्या मुख्य मुद्द्याला उत्तर द्यायला हवं होतं, म्हणून ऑफिसात समोर बसून मी त्यांना विचारलं, ‘सर, साहेब तीनदा बसा म्हणाले. तुम्ही बसला का नाहीत?’

सर माझ्या तोंडाकडे बघत होते. म्हणाले, ‘म्हणाले होते?’

‘तीनदा, सर.’

बराच वेळ ते पेपरवेट फिरवत राहिले. मग म्हणाले, ‘मिशी हाय रे त्यांना.’

मला कळायला तरीही थोडा वेळ लागला. मी म्हणालो, ‘असू दे ना सर, मिशी असणं गुन्हा नाही.’ मग त्यांनी मला बारशापासून सांगावं तसं सांगितलं. लूमच्या खात्यात, त्या खडखडाटात, कानाला काही ऐकू येत नाही. तिथे माणसं ओठांनी बोलतात, आवाज काढत नाहीत. या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाला घरची खुशाली विचारतो, शिव्या देतो, उसने मागतो, सगळं ओठांनी. ते वाचायची सवय लागते. सरांना ती लागली, आणि कान हळूहळू कामावरून गेले. आता डावा पूर्ण बंद होता आणि उजवा नावापुरता. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू यावा म्हणून ते ओरडत होते, आणि अख्खं कोर्ट त्याला वक्तृत्व समजत होतं.

‘कधीपासून, सर?’

‘तुझ्या अब्बांच्या कारखान्यापासून.’

मी गप्प झालो. ते म्हणाले, ‘शेठ, तू तोंड बंद केलंस की मला काही कळत न्हाय.’

मला मात्र आनंद झाला होता. खटला सुटला होता. डॉक्टरचा दाखला जोडायचा, साहेबांना खरं सांगायचं, नोटीस रद्द. मी तिथल्या तिथे दुसरा खुलासा लिहिला. ‘सन्माननीय न्यायाधीश महोदयांच्या मिशीच्या विस्तारामुळे’ अशी त्याची सुरुवात होती. सरांनी तो वाचला आणि परत दिला. ‘हा दिलास तर पहिल्या नोटिशीचा खुलासा होईल आणि दुसरी नोटीस तयार होईल.’

‘मिशी काढून टाकू, सर. खुलाशातली. फक्त कानाचं लिहू.’

‘न्हाय.’

‘का नाही?’

‘अवमान केलेला वकील चालतो, शेठ. दोन पक्षकार वाढतात. बहिरा वकील कोन घेईल?’

कानाच्या मशीनचं विचारलं, तर त्यांनी खण उघडून दाखवलं. होतं. चांगलं महागाचं होतं. एक दिवस लावून कोर्टात आले होते. ‘सगळं ऐकू आलं. पंखा, कबुतरं, बार रूम. मी पाठ फिरवल्यावर लोक काय बोलतात तेपन. मग म्हटलं, आहे ते बरं हाय.’

शेवटी ठरलं ते असं. दोन ओळींची बिनशर्त माफी द्यायची. साहेबांनी तोंडी काही विचारलं तर मी स्टेनोच्या टेबलाशेजारी सरांना दिसेल असा उभा राहीन आणि साहेबांचं वाक्य ओठांनी सांगेन. मी चार दिवस आरशासमोर सराव केला. अम्मीला वाटलं दाढ दुखतेय. तिने लवंग दिली.

सुनावणी शुक्रवारी आली. शुक्रवारी लूम बंद, त्यामुळे रामसागर आपल्या सगळ्या ओळखीच्यांना घेऊन आला होता. मागची बाकं भरली होती. साहेब येऊन बसले, फाईल उघडली आणि सरांना काहीतरी विचारलं. विचारलं होतं, ‘आपल्याला नोटीस मिळाली?’ मी ते तोंड वाकडंतिकडं करून सरांकडे पाठवलं. सरांनी कपाळाला आठ्या घातल्या. मी पुन्हा पाठवलं. सर पुढे झुकले, आणि त्या पूर्ण भोंग्यात म्हणाले,

‘शेठ, तोंड उघड की!’

खिडकीतलं कबुतर उडालं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं.

‘हे शेठ कोण?’

‘मी, साहेब.’

‘आपला काय धंदा आहे?’

‘ज्युनियर आहे, साहेब. यांचाच.’

‘मग आपलं तोंड का हलतंय?’

सवयीने मी हा प्रश्नही ओठांनी सरांकडे पाठवला.

तेवढ्यात मागच्या बाकावरून रामसागर उभा राहिला. मी तिकडे बघितलं म्हणून सरही मागे वळले. तो काही बोलला नाही. म्हणजे आवाज काढला नाही. फक्त ओठ हलवले, मोठे, सावकाश, खात्यात या टोकाहून त्या टोकाला सांगावं तसे. सरांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. ते तसेच साहेबांकडे पाठ करून उभे राहिले आणि खणखणीत म्हणाले, ‘होय साहेब, नोटीस मिळाली.’

साहेब म्हणाले, ‘वकीलसाहेब, आपण न्यायासनाकडे पाठ केली आहे.’ आता मागची सगळी बाकं हलू लागली. प्रत्येकाला वाटत होतं, आपलं नीट दिसेल. काही जण मराठीत हलवत होते, बरेचसे हिंदीत, एक म्हातारा त्याच्या गावाकडच्या बोलीत. सर वाचून म्हणाले, ‘साहेब, पाठ असली तरी लक्ष आपल्याकडंच हाय.’

साहेबांनी पुढचा शब्द काढला नाही. सगळी तोंडं बंद झाली. साहेबांनी खाकरून पाहिलं. काही नवखे खाकरल्यासारखे झाले. मग साहेब हळूच म्हणाले, ‘एक. दोन. तीन.’ मागच्या बाकांनी एक, दोन, तीन म्हटलं.

‘पुढं, साहेब?’ सर म्हणाले.

मी भिंतीकडे बघत होतो. सरांनी इतकी वर्षं खणात कोंबून ठेवलेली गोष्ट भर कोर्टात टेबलावर आली होती, आणि ते एकट्या सरांनाच कळलं नव्हतं. त्यांना वाटत होतं, काम छान चाललंय.

साहेबांनी चष्मा काढला. सरांना हाताने खूण करून आपल्याकडे वळवलं. मग डाव्या हाताची दोन बोटं उचलली, ती मिशीखाली घातली आणि मिशी वर धरली. मी वकिली करतोय तोवर असा ओठ पुन्हा बघायला मिळायचा नाही. साहेब म्हणाले,

‘वकीलसाहेब, बसा.’

सर ताबडतोब बसले.

साहेबांनी मिशी सोडली आणि स्टेनोला आदेश सांगितला. वकिलांनी बिनशर्त माफी मागितली आहे. न्यायालयाने बसण्यास सांगितल्यावर ते बसले, हे न्यायालयाने स्वतः पाहिलं आहे. नोटीस मागे घेण्यात येते. त्यात कान हा शब्द नव्हता. मिशी हा शब्दही नव्हता. त्यानंतर साहेबांनी मिशी थोडी कातरली की नाही, यावर बार रूममध्ये अजून दोन पक्ष आहेत.

सनद वाचली. आदेशात लिहिलं नसलं तरी गोष्ट मात्र फुटलीच. अंजूरकडचा एक गोदामवाला आठवड्याभरात आला आणि ‘गैरसमज नको साहेब’ म्हणत फाईल घेऊन गेला. हे वाक्य त्याने इतकं मोठ्याने आणि फोड करून म्हटलं की सर म्हणाले, ‘ओरडू नका, मला दिसतंय.’ अंबाडीचे दोघं पक्षकार फोनवरच तुटले. फोन अर्थात मीच घेतला. लूमवाले कोणी गेले नाहीत. रामसागरला मी विचारलं, तुम्हाला हे माहीत होतं? तो म्हणाला, ‘वकीलसाब, इसमें मालूम होने का क्या है? हम लोग में पूरा सुनता कौन है?’

पण त्या दिवसानंतर सर कोर्टात उभे राहिले नाहीत. मी खूप विनवलं. ते म्हणाले, ‘आता मी बोललो की लोक माझा मुद्दा ऐकत न्हायत रे. मला ऐकू आलं का, तेवढंच बघतात.’ त्यांनी रामसागरची फाईल माझ्या हातात दिली. ‘तू बोल. मी बाजूला बसून बघतो. तुझं मला दिसतं.’

तेव्हापासून ते वकिलांच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर, माझ्याकडे तोंड करून बसायला लागले. मी साहेबांशी बोलायचो आणि एक डोळा त्यांच्यावर ठेवायचो. मी घाबरून शब्द खाल्ला की ते बोट हलवायचे. बाहेर आल्यावर म्हणायचे, ‘अर्धं वाक्य गिळतोस. गिळायचंच असेल तर उलट बाजूचं गिळ.’ मी तोंड उघडून बोलायला शिकलो, आणि सरांबरोबर बसून थोडे ओठ वाचायलाही. रामसागरच्या खोलीचं कुलूप निघालं. ते माझं पहिलं जिंकलेलं प्रकरण. आदेश झाल्यावर मी आनंदाने सरांच्या डाव्या कानात ओरडलो. ते म्हणाले, ‘समोर ये, मग सांग.’

दीडेक वर्षाने सर गावी राहायला गेले आणि पावसाळा संपता संपता तिथेच गेले. जाताना फार त्रास झाला नाही असं त्यांच्या मुलीने सांगितलं. मशीन खणातच सापडलं. चौकटीतली सनद तिने मला दिली. ती मी माझ्या खुर्चीमागे नाही, समोर लावली आहे.

कोर्टात शोकसभा झाली. तीही शुक्रवारी आली. साहेब चार वाक्यं बोलले आणि सगळे दोन मिनिटं शांत उभे राहिले. कार्यवाहीच्या नोंदीत ‘शांतता पाळण्यात आली’ असंच लिहिलंय. पण मी मान खाली घातली नव्हती. मी मागे बघत होतो. मागची बाकं भरलेली होती आणि ती माणसं पूर्ण वेळ बोलत होती. एक नवीन पोरगा, ज्याने सरांना बघितलंही नसेल, रामसागरला ओठांनी विचारत होता, ‘चिल्लाता बहुत था ना?’

रामसागर म्हणाला, ‘हमारे लिए.’

मी त्याचं पुढचं वाक्य वाचत होतो. तेवढ्यात साहेब ‘बसा’ म्हणाले असावेत, कारण माझ्या आजूबाजूचे सगळे बसले. मी उभाच होतो.